तान्ह्या बाळाच्या नाकातून दोन थेंब रक्त आलं, तर?

कृष्णाकाठ | ३ ऑगस्ट, रात्री १०:४०

हे लिहायला मला सात महिने लागले. बहिणीची परवानगी घेऊन लिहितेय.

तिला डिसेंबरात मुलगा झाला. तालुक्याच्या गावातलं छोटं प्रसूतिगृह, रात्री पावणेतीनची वेळ, नॉर्मल डिलिव्हरी, वजन २ किलो ९००. तिसऱ्या दिवशी घरी. दूध फक्त अंगावरचं, आणि पठ्ठ्या पीतही होता छान. आई म्हणायची, याचं सगळं घड्याळाप्रमाणे आहे.

तेहेतिसाव्या दिवशी नाकातून रक्ताचे दोन थेंब आले. लगेच थांबलं. आम्ही नखं बघितली, वाढलेली होती, कापली, विषय संपला. दुसऱ्या दिवशी छातीवर रुपयाएवढा निळसर डाग. "कोणीतरी घट्ट धरलं असेल" यावर आमच्यातच अर्धा तास वाद झाला, प्रत्येकाला दुसऱ्यावर संशय.

छत्तिसाव्या दिवशी सकाळी आई त्याला पायावर घेऊन बसली. आंघोळीआधी टाळू भरायची तिची सवय. रोज तेलाचं बोट टेकवलं की टाळू मऊ लागते, आत ठोके जाणवतात. त्या दिवशी तिने हात उचलला आणि मला हाक मारली. "अगं, टाळू वर आलीय. तट्ट लागतीय, बघ." मी बोट ठेवलं. पालथ्या वाटीच्या बुडासारखी. बाळ रात्रीपासून किरकिरत होतं, त्याचं रडणं आता बारीक आणि चिरकं झालं होतं. दूध ओढत नव्हतं. ओठ पांढरे पडले होते.

शहरातल्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत एक डोळा बाजूला वळला होता. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: "जन्मल्यावर मांडीत व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. पिशवीतून डिस्चार्जचा कागद काढला. बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी, तिन्हींपुढे टिकमार्क. के च्या ओळीपुढे काहीच नाही.

रक्त गोठण्याची वेळ इतकी लांबली होती की यंत्राला आकडाच देता आला नाही. सीटी स्कॅनमध्ये मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त. शिरेतून के दिलं, प्लाझ्मा दिला. काही तासांनी पुन्हा तपासलं तर गोठण्याची वेळ जवळजवळ जागेवर आली होती. एका मिलिग्रॅमची गोष्ट होती, आणि ती पाच आठवडे उशिरा मिळाली. ऑपरेशन टळलं. अकरा दिवस तिथे काढले. आता आठवा महिना चालू आहे, हसतो, पालथा पडतो. उजवा हात कमी वापरतो, त्यासाठी फिजिओथेरपी चालू आहे.

त्या प्रसूतिगृहाचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका. धागा काढायचं कारण वेगळं. तेव्हा रात्री दोन वाजता मोबाइलवर मराठीत शोधलं तर धड काही सापडलं नाही. नवजात बाळाला रक्तस्राव कशाकशाने होतो, त्यातलं साधं काय आणि पळत सुटावं असं काय, हे जाणकारांनी इथे लिहावं. अनुभवही लिहा.

---

पाळणाघर | ३ ऑगस्ट, रात्री ११:०५

वाचून हात थंड पडले. तुझ्या आईच्या बोटांना नमस्कार सांग.

---

स्टेथो_आजोबा | ४ ऑगस्ट, सकाळी ६:२०

चाळीस वर्षं सोलापूर भागात बालरोगाची प्रॅक्टिस केली, आता निवृत्त. पहाटे उठून वाचलं. लांब लिहितो, सवय आहे.

कृष्णाकाठ, तुमच्या भाच्याला जे झालं त्याला के जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा उशिराचा रक्तस्राव म्हणतात. रक्त गोठवणारी जी प्रथिनं यकृतात बनतात, त्यांपैकी चार (क्रमांक २, ७, ९ आणि १०) के शिवाय कामाला येत नाहीत. ती तयार होतात, पण नुसती नावाला. बाळ के ची शिदोरी फारशी घेऊन येतच नाही, कारण वारेतून ते फार थोडं पलीकडे जातं. पोटात ते बनवणारे जिवाणू पहिल्या दिवसांत नसतात. आणि आईच्या दुधात ते लिटरला १ ते ४ मायक्रोग्रॅम एवढंच. डब्याच्या दुधात मुद्दाम घातलेलं असतं, लिटरला ५० च्या आसपास. म्हणून हा उशिराचा प्रकार जवळजवळ सगळा अंगावर पिणाऱ्या, इंजेक्शन न मिळालेल्या बाळांत दिसतो. कृपा करून यावरून कोणी दूध बंद करू नका. उपाय मांडीत आहे, डब्यात नाही.

याच्या तीन वेळा आहेत. पहिल्या २४ तासांतला रक्तस्राव बहुतेक आईच्या औषधांमुळे. फिट येऊ नये म्हणून घ्यायच्या काही गोळ्या (फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामॅझेपिन), क्षयाची रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड, रक्त पातळ करणारी वॉरफरिन. दुसरा पहिल्या आठवड्यातला: बेंबी, शी, उलटी, नाक, सुई टोचलेली जागा. इंजेक्शन दिलंच नाही तर हजारात अडीच ते सतरा बाळांना हा होतो असं पुस्तकं सांगतात. तिसरा दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत, बहुतेक वेळा तीन महिन्यांच्या आत. हा दुर्मिळ, न दिलेल्यांत लाखात चार ते सात. पण दुष्ट. यातल्या निम्म्याअधिक बाळांना रक्तस्राव थेट डोक्यात होतो.

आणि त्याच्या आधी पुष्कळदा एखादी छोटी खूण होऊन गेलेली असते. नाकातले दोन थेंब, छातीवरचा डाग, बेंबीचं ओलं रक्त. तुमच्याकडे यातल्या दोन झाल्या होत्या. हे तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. कितीतरी डॉक्टरांनीही असं बाळ "सर्दीने नाक फुटलं" म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. एकदा मीही पाठवलं आहे, १९८६ साली. ते बाळ दुसऱ्या दिवशी परत आलं. त्यापुढचं लिहीत नाही.

एक प्रश्न: कावीळ लांबली होती का? शीचा रंग?

---

कृष्णाकाठ | ४ ऑगस्ट, सकाळी ८:१५

आजोबा, तिथल्या डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं. डोळे थोडे पिवळे होते महिनाभर, शी मात्र पिवळीधमक. तरी यकृताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी केली. नॉर्मल निघाली.

---

स्टेथो_आजोबा | ४ ऑगस्ट, सकाळी ८:४०

उत्तम. विचारण्याचं कारण असं की के शरीरात शिरायला पित्त लागतं. पित्तनलिका बंद असलेल्या बाळाची शी पांढुरकी, खडूसारखी किंवा ओल्या मातीसारखी होते, कावीळ दोन आठवड्यांनंतरही हटत नाही, आणि पहिलं लक्षण कधीकधी रक्तस्रावच असतं. तिथे नुसतं के देऊन सुट्टी केली तर मूळ आजार निसटतो. ते ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर त्याचा उपयोग जास्त. शीचा रंग बघणं हे आज्यांचं खातं आहे, ते त्यांनी सोडू नये.

---

नवी_आई_नाशिक | ४ ऑगस्ट, दुपारी १२:३०

मी घाबरून लॉगइन केलंय. माझी मुलगी आज नऊ दिवसांची आहे. तिसऱ्या दिवशी लंगोटात विटकरी-गुलाबी डाग होता. आणि काल-परवा शूच्या जागेतून चक्क रक्ताचा चिकट थेंब आला. सासूबाई म्हणतात काही नसतं. काही नसतं का??

---

स्टेथो_आजोबा | ४ ऑगस्ट, दुपारी १:१०

सासूबाई बरोबर आहेत. मुलीच्या अंगात आईची संप्रेरकं आलेली असतात, जन्मानंतर ती एकदम उतरतात, आणि पाळीसारखा थोडासा स्राव होतो. दोन-चार दिवसांत आपोआप थांबतो. विटेच्या भुकटीसारखा डाग म्हणजे रक्त नव्हे, लघवीतल्या युरेट नावाच्या क्षाराचे बारीक कण. पहिल्या दिवसांत दूध उतरायच्या आधी दिसतो. पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिला तर दूध पुरतंय का ते बघायचं.

अशा आणखी दोन-तीन गोष्टी आहेत. डोळ्याच्या पांढऱ्यात लाल कोयरी, ही जन्माच्या वेळच्या दाबाने, आठवड्या-दोन आठवड्यांत विरते. नाळ पडताना लंगोटाला घासून एखाददुसरा थेंब, हाही ठीक. पण कापूस दाबून धरूनही झिरपतच राहिलं तर ठीक नाही.

तिसरी गंमतीची. बाळ रक्ताची उलटी करतं, घरात आकांत, आणि रक्त असतं आईचं! बोंडशीला चीर पडलेली असते, किंवा प्रसूतीच्या वेळी गिळलेलं असतं. प्रयोगशाळेत त्याची एक साधी परीक्षा आहे, पांडू सांगेल.

आता तुम्ही एक काम करा. डिस्चार्जचा कागद काढा आणि के ची ओळ बघा.

---

प्रयोगशाळा_पांडू | ४ ऑगस्ट, दुपारी ३:४५

आजोबांनी हाक मारली, आलो. पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली.

ती अ‍ॅप्ट टेस्ट. १९५५ साली अ‍ॅप्ट नावाच्या डॉक्टरने काढली. उलटीतलं रक्त पाण्यात मिसळायचं, गाळ खाली बसवायचा, वरच्या गुलाबी पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकायचे. बाळाचं हिमोग्लोबिन अल्कलीला दाद देत नाही, गुलाबीच राहतं. आईचं एक-दोन मिनिटांत पिवळट तपकिरी होतं. मी आयुष्यात तीनदा केलीय, तिन्ही वेळा आईचंच निघालं. रिपोर्ट सांगताना सगळ्या स्टाफच्या चेहऱ्यावर हसू.

आता न हसण्यासारखं. आमच्याकडे एक नमुना आला होता. बाळाची नाळ सातव्या दिवशी पडली, त्यानंतर तिथून थोडं थोडं रक्त येत राहिलं. प्लेटलेट नॉर्मल, पीटी नॉर्मल, एपीटीटी नॉर्मल (या दोन्ही गोठण्याच्या वेळेच्या तपासण्या). कागदावर बाळ एकदम तंदुरुस्त, आणि लंगोट लाल. आमच्या मॅडमनी फोन करून एकच विचारलं, आईवडील नात्यातले का? हो, मामाच्या मुलीशी लग्न. मॅडम म्हणाल्या, पांडू, युरिया काढ.

फॅक्टर तेराची, म्हणजे गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी तेराव्या क्रमांकाच्या प्रथिनाची कमतरता असेल तर गुठळी होते पण पक्की होत नाही, चुन्याशिवाय विटा रचल्यासारखी. गुठळी बनवून युरियाच्या द्रावणात टाकायची. आपली-तुमची दुसऱ्या दिवशीही तशीच असते. ती गुठळी मी दुपारी टाकली, संध्याकाळी चहा पिऊन आलो तर नळीत काही नव्हतं. नेहमीच्या तपासण्यांत हा आजार दिसतच नाही, हे लक्षात ठेवा. अशा बाळांच्याही डोक्यात रक्तस्राव होतो, म्हणून आयुष्यभर साधारण महिन्याने प्लाझ्माचा घटक किंवा फॅक्टर द्यावा लागतो. हा फॅक्टर अंगात बरेच दिवस टिकतो, तेवढी एक बरी गोष्ट.

मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, असे अवघड नमुने तिथे जातात.

जाता जाता आमचं रडगाणं: गोठण्याच्या तपासणीची निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरा हो! औषध एक भाग, रक्त नऊ भाग, असा हिशेब असतो. तान्ह्याचं रक्त काढताना हात थरथरतो, नळी अर्धी राहते, आणि मग आकडे उगाच लांबलेले येतात. निम्मे फोन त्यावरूनच.

---

हिमोबाप | ४ ऑगस्ट, रात्री ९:३०

माझं थोडक्यात. बारशाला सोनार आला, सोन्याच्या तारेने मुलाचे कान टोचले. आमच्याकडे बाराव्या दिवशीच टोचतात. डावा थांबला. उजवा रात्रभर. दाबून ठेवलं की थांबायचं, बोट काढलं की सुरू. हळद भरली, तुरटी लावली. पहाटे बायकोच्या आजीने दारात उभं राहून एवढंच म्हटलं, "माझ्या धाकट्याचं असंच झालं होतं." म्हणजे सासूबाईंचा भाऊ. सातव्या वर्षी दात पडल्याचं निमित्त होऊन गेला होता. घरात कुणी त्याच्याबद्दल बोलत नसे.

हिमोफिलिया ए. रक्त गोठवणारा फॅक्टर आठ नेहमीच्या एक टक्क्याहूनही कमी. मुलगा आता अकरा वर्षांचा आहे, बुद्धिबळ खेळतो, क्रिकेटसाठी भांडतो.

ज्यांच्या घरात आईच्या बाजूने असा एखादा मामा "रक्त न थांबून" गेला असेल, त्यांनी ते गरोदरपणातच डॉक्टरला सांगा. लपवू नका. मात्र सुमारे एक तृतीयांश घरांत आधी कुणालाच नसतं, तेव्हा नसला मामा म्हणून निर्धास्तही होऊ नका.

---

स्टेथो_आजोबा | ४ ऑगस्ट, रात्री १०:०५

हिमोबाप, सातव्या वर्षी गेलेल्या त्या मुलाला त्या घरातल्या लोकांनी पन्नास वर्षं गप्प बसवलं, आणि शेवटी आजीनेच दार उघडलं.

एक पुरवणी. कुटुंबात हिमोफिलिया माहीत असेल तर प्रसूतीत चिमटा आणि व्हॅक्यूम (डोक्याला कप लावून बाळ ओढणं) टाळतात, आणि जन्मल्यावर नाळेतल्या रक्तावरच फॅक्टर आठ तपासता येतो. फॅक्टर नऊ मात्र सगळ्याच तान्ह्यांत मुळात कमी असतो, त्याची सौम्य कमतरता तेव्हा ठरवता येत नाही, काही महिन्यांनी पुन्हा बघावं लागतं.

---

तर्कटराव | ५ ऑगस्ट, सकाळी ११:००

मला दगड मारायच्या आधी पूर्ण वाचा. निसर्गाने आईचं दूध एवढं परिपूर्ण केलं, मग त्यात एवढी एक चूक का ठेवली? लाखो वर्षं बाळं इंजेक्शनशिवाय जगली. दुसरं, दुधात लिटरला ४ मायक्रोग्रॅम आणि इंजेक्शन १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. हा डोस डोळे पांढरे करणारा नाही का? तिसरं, याने रक्ताचा कॅन्सर होतो असा ब्रिटिश अभ्यास होता. चौथं, बाळंतिणीला शेपू-मेथी भरपूर खाऊ घातली तर दुधातून मिळणार नाही का?

---

पाळणाघर | ५ ऑगस्ट, सकाळी ११:२०

>> लाखो वर्षं बाळं इंजेक्शनशिवाय जगली

आणि जी नाही जगली ती इथे लिहायला आली नाहीत, तर्कटराव.

---

स्टेथो_आजोबा | ५ ऑगस्ट, दुपारी २:००

दगड नको, प्रश्न चांगले आहेत. चौथ्यापासून येतो. भाजी खाऊ घाला, बाळंतिणीला हवीच. पण जेवणातल्या के ने दुधातलं के फारसं हलत नाही. रोज काही मिलिग्रॅमच्या गोळ्या घेतल्या तर हलतं, तेवढी शेपू हत्तीण खाईल.

तिसरं. होय, १९९२ साली ब्रिस्टलहून तसा अभ्यास आला आणि जगभर घबराट झाली. त्यानंतर स्वीडन, अमेरिका, डेन्मार्क इथे कितीतरी मोठ्या संख्येवर तपासलं, संबंध सापडला नाही. पण घबराटीची बातमी धावते आणि खुलासा लंगडत मागून येतो. अमेरिकेत नॅशव्हिलला २०१३ मध्ये काही महिन्यांत अशी चार बाळं आली, चौघांच्याही आईवडिलांनी इंजेक्शन नाकारलेलं होतं. तिघांच्या डोक्यात रक्तस्राव.

दुसरं. डोस मोठा दिसतो कारण तो एका दिवसाचा नाही. मांडीच्या स्नायूत त्याचा साठा होतो आणि तिथून तो हळूहळू सुटतो, कित्येक आठवडे पुरतो. तुमच्या शंकेला एक इतिहास मात्र आहे. १९५० च्या दशकात के चा एक कृत्रिम, पाण्यात विरघळणारा प्रकार वापरत. त्याच्या मोठ्या डोसांनी बाळांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ झाली. तो प्रकार बंद झाला. आज देतात ते के-वन, पालेभाजीत असतं तेच. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९६१ मध्ये प्रत्येक बाळाला द्यायची शिफारस केली. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य खात्याच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना आहेत: एक किलो किंवा जास्त वजनाला १ मिलिग्रॅम, त्याहून कमी असेल तर अर्धा, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. उपकेंद्रातल्या नर्सताईसुद्धा देऊ शकतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर निसर्गाला विचारा. हा आजार १८९४ मध्ये बोस्टनच्या टाउनसेंडने पन्नास बाळांवरून वर्णन केला, तेव्हा त्याच्या हातात काहीच उपाय नव्हता. उपाय सापडला कोंबडीच्या पिलांत. डेन्मार्कच्या हेन्रिक डामने त्यांना चरबी काढलेलं खाद्य दिलं, पिलांच्या कातडीखाली रक्त साकळलं. गोठण्याला डामच्या भाषेत 'कोआगुलेशन' म्हणतात आणि ते K ने लिहितात, म्हणून हे के. त्याला १९४३ चं नोबेल मिळालं.

---

तर्कटराव | ५ ऑगस्ट, दुपारी २:४०

साठ्याचा मुद्दा पटला. कोंबडी आवडली. बाकी विचार करतो.

---

डेल्फ्टची_सून | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५

इथे नेदरलँड्समध्ये माझी मुलगी २०१८ साली झाली तेव्हा इंजेक्शन नव्हतं. जन्मल्यावर तोंडातून १ मिलिग्रॅम, आणि आठव्या दिवसापासून तीन महिने रोज १५० मायक्रोग्रॅमचे थेंब, अंगावर पिणाऱ्या बाळांना. घरी येणारी क्राम्झोर्खची (बाळंतीण-सेवेची) बाई तक्ता फ्रिजवर लावून गेली होती. थेंब तेलकट, मुलगी निम्मे थुंकायची, आणि मी रात्री अडीचला उठून विचार करायची, आज दिले का?

तिथेच कळलं की आधी रोज २५ च द्यायचे, पण पित्तनलिकेचा आजार असलेल्या बाळांना ते पुरत नव्हते, म्हणून २०११ ला वाढवले. एकदा टोचून मोकळं होणं मला तरी जास्त आवडलं असतं.

---

वसुंधरा_६८ | ५ ऑगस्ट, रात्री ८:५०

मी कधी लिहीत नाही, वाचते. आमच्या लहानपणी दुसऱ्या महिन्यात "आकडी येऊन गेलं" अशी मुलं प्रत्येक वाड्यात असायची. माझ्या आईची दोन. सटवाईचं नाव पुढे करायचे, दृष्ट म्हणायचे. एकाच्या तोंडातून रक्त आलं होतं असं आई सांगायची. हेच असेल का डॉक्टर?

---

स्टेथो_आजोबा | ५ ऑगस्ट, रात्री ९:३०

वसुंधराताई, आता सांगता येणार नाही. आकडी धनुर्वातानेही यायची, जंतुसंसर्गानेही. यातली काही अशी गेली असतील. तुमच्या आईकडून काही राहून गेलं नव्हतं, एवढं मात्र नक्की सांगतो.

---

आशाताई_विदर्भ | ६ ऑगस्ट, सकाळी ७:००

मी आशा वर्कर आहे. दवाखान्यात झालेल्या बाळाला आम्ही घरी सहा भेटी देतो: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालेल्याला पहिल्या दिवशीची एक जास्त. ही पद्धत आमच्याच गडचिरोलीतून, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'च्या कामातून देशभर गेली, याचा आम्हाला अभिमान आहे.

बेंबीला राख, शेण, तेल, हळद, पावडर काहीच लावायचं नाही, कोरडी ठेवायची, हे सांगून सांगून तोंड दुखतं. जंतू तिथूनच शिरतात. मागच्या पावसाळ्यात एका घरी गेले तर बाळ थंडगार, निजलेलं, दूध ओढेना, आणि सुई टोचली होती तिथून रक्त थांबेना. १०८ बोलावून जिल्ह्याच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) नेलं. जंतू रक्तात पसरले होते. बाळ वाचलं. पैसे लागले नाहीत, शिशु सुरक्षा कार्यक्रमात तान्ह्याचे उपचार आणि गाडी मोफत असते, हे लोकांना माहीतच नसतं.

घरी झालेल्या बाळांचं के राहून जातं. माहेरी, पाड्यावर झालं की कागदच नसतो. मी आता पहिल्या भेटीतच नर्सताईंना कळवते.

---

स्टेथो_आजोबा | ६ ऑगस्ट, सकाळी ७:४५

आशाताईंनी जे बाळ सांगितलं ते आमच्या धंद्यातला सगळ्यांत मोठा फरक दाखवतं. रक्तस्राव होणारं बाळ समोर आलं की आम्ही आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघतो, नळीकडे नंतर. आजारी दिसतंय का? सुस्त, थंड, दूध सोडलेलं? मग जंतुसंसर्ग, जन्मताना गुदमरणं, यकृत. यात रक्तातल्या प्लेटलेट आणि गोठवणारे घटक जागोजागी खर्च होऊन संपतात. आणि बाळ ठणठणीत दिसतंय, पितंय, हातपाय हलवतंय, तरी रक्त येतंय? मग के, हिमोफिलिया, किंवा आईकडून आलेल्या प्रतिपिंडांनी प्लेटलेट मारल्या जाणं. या शेवटच्या प्रकारात अंगावर पिसू चावल्यासारखे बारीक लाल ठिपके येतात. आईला प्लेटलेटचा जुना आजार असू शकतो. पण कधी आईच्या प्लेटलेट उत्तम असतात, बाळाच्या प्लेटलेटवर बापाकडून आलेली खूण तिच्या शरीराला परकी वाटते एवढंच, आणि हे पहिल्याच बाळातही होतं. अशा आईच्या पुढच्या बाळंतपणाचं नियोजन आधी करावं लागतं.

पुऱ्या दिवसांआधी, बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांच्या मेंदूतला रक्तस्राव हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे नाजूक वाहिन्या फुटतात. त्यावर इथे नको, स्वतंत्र धागा होईल.

---

पाळणाघर | ६ ऑगस्ट, सकाळी १०:३०

व्हॅक्यूमबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. माझ्या भाचीच्या बाळाला कप लावून काढलं. डोक्यावर टेंगूळ होतंच, सगळ्यांना असतं. पण दोन-तीन तासांनी अख्खं डोकं पाण्याची पिशवी दाबल्यासारखं लागायला लागलं, सूज कानाच्या मागे उतरली, कान पुढे ढकलले गेले. नर्स दर तासाला टेपने डोक्याचा घेर मोजत होती. डॉक्टर म्हणाले, तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतंच किती, पाव लिटर. त्यातलं अर्धं या सुजेत मावतं. रक्त चढवावं लागलं. वाचला. आता शाळेत दंगा करतो.

---

प्रयोगशाळा_पांडू | ६ ऑगस्ट, सकाळी ११:१५

पाव लिटर. म्हणजे अमृततुल्यमधले तीन-चार कटिंग. म्हणून तर आम्हाला दोन मिली काढतानाही जिवावर येतं.

---

नवी_आई_नाशिक | ६ ऑगस्ट, दुपारी १२:५०

आजोबा, कागद बघितला. के ची ओळच नाही. हॉस्पिटलला फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "दिलं असेल हो मॅडम, सगळ्यांनाच देतात." आमची सिझेरियनची गडबड होती, मी गुंगीत, नवरा औषधं आणायला खाली. आता काय करू? आणि दिलेलं असताना पुन्हा दिलं तर?

---

स्टेथो_आजोबा | ६ ऑगस्ट, दुपारी १:०५

कागदावर नाही म्हणजे दिलं नाही, असंच धरायचं. दुसऱ्यांदा १ मिलिग्रॅम गेलं तरी बाळाला अपाय नाही. न मिळाल्याचा धोका मोठा. आजच बालरोगतज्ज्ञाकडे जा, उद्यावर टाकू नका. घरात रक्ताचा कुठला आजार असेल तर टोचण्याआधी सांगा. आणि अँप्यूल १ मिलिग्रॅमचीच आहे ना ते विचारा, मोठ्यांची १० ची मिळते.

---

कृष्णाकाठ | ६ ऑगस्ट, दुपारी १:२०

जा गं. आत्ता जा. जेवण नंतर.

---

नवी_आई_नाशिक | ६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

दिलं. एक मिनिट रडली, लगेच प्यायली. नर्सने फाइलवर तारीख, वेळ, डोस आणि सही घातली, मी समोर उभी राहून घालून घेतली. सासूबाई आता तेलाची वाटी घेऊन बसल्यात आणि मला टाळूवर बोट ठेवून दाखवतायत, बरी असते तेव्हा कशी लागते ते.